घरासाठी ध्वनिसंच निवडताना आकड्यांचे किती ऐकावे आणि कानांचे किती

काही वर्षांपूर्वी मी दोन अ‍ॅम्प्लिफायर घरी आणून सलग तीन संध्याकाळी त्यांची तुलना केली. स्पीकर तेच होते, खोली तीच होती, ध्वनिमुद्रणेही तीच. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत माझे मत पक्के झाले होते की दुसऱ्यावर आवाज अधिक मोकळा येतो, गायिकेचा श्वास स्पष्ट कळतो आणि डग्ग्याला वजन येते. चौथ्या दिवशी एका जाणत्या स्नेह्याच्या सांगण्यावरून मी स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला. एकच सूर वाजवल्यावर पहिल्यावर २.०० व्होल्ट आणि दुसऱ्यावर २.२७ व्होल्ट दिसले, म्हणजे दुसरा सुमारे १.१ डेसिबलने मोठा वाजत होता. दोन्ही एका पातळीवर आणून, कोणता चालू आहे हे न कळता ऐकले तेव्हा मला त्यांच्यातला फरक सांगता आला नाही. मोकळेपणा, श्वास, वजन हे सारे मी खरोखरच ऐकले होते. त्याचे कारण मात्र यंत्राच्या गुणात नव्हते, आवाजाच्या बटणात होते.

पहिल्यांदाच ध्वनिसंच घेणाऱ्याला जो गोंधळ वाटतो त्याचे मूळ बहुधा इथेच असते. केवळ मोजमापांवर विश्वास ठेवणारे कानांना दोष देतात आणि केवळ कानांवर विश्वास ठेवणारे मोजमापांना. कानांना नीट ऐकण्याची संधी दिली तर दोघांची साक्ष बहुतेक वेळा जुळते, असा माझा अनुभव आहे. ती संधी कशी द्यावी आणि त्याआधी मोजमापांच्या आधारे यादी कशी छाटावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : खोली मोजणे

कोणतेही यंत्र पाहण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन खोलीची लांबी, रुंदी, उंची, बसण्याची जागा आणि स्पीकर ठेवता येतील त्या जागा कागदावर लिहून काढाव्यात. खालचे स्वर कसे ऐकू येतील हे स्पीकरइतकेच खोलीवर अवलंबून असते आणि त्याचा अंदाज साध्या भागाकाराने बांधता येतो. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. या संख्येला समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागले की त्या दिशेची पहिली अनुनाद-वारंवारता मिळते. लांबी ५ मीटर असेल तर ती सुमारे ३४ हर्ट्झ येते, रुंदी ३.५ मीटर असेल तर ४९ हर्ट्झ आणि उंची ३ मीटर असेल तर ५७ हर्ट्झ. या वारंवारतांना त्या त्या भिंतींजवळ आवाज फुगतो आणि दोहोंच्या मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. तीनही मापे सारखी असली तर तीनही फुगवटे एकाच वारंवारतेवर येऊन पडतात, म्हणून चौकोनी डब्यासारख्या खोलीत बास सर्वांत जास्त त्रास देतो.

स्पीकरच्या मागच्या भिंतीचाही असाच हिशेब असतो. स्पीकरचा पुढचा भाग त्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवरून परत येणारी लहर १४३ हर्ट्झच्या आसपास थेट येणाऱ्या लहरीच्या विरुद्ध पडते आणि तिथे खड्डा तयार होतो. वेगाला अंतराच्या चौपटीने भागले की हा आकडा मिळतो. पुरुषी आवाजाचा भरदारपणा बराचसा याच पट्ट्यात असल्यामुळे, स्पीकर भिंतीपासून एक हात पुढेमागे सरकवताच गायकाची छाती भरल्यासारखी किंवा रिकामी झाल्यासारखी वाटते.

दुसरी पायरी : फरक कुठे मोठे आणि कुठे नगण्य

आता लक्ष आणि खर्च कुठे करायचा ते ठरवावे. एकाच वर्गातल्या दोन स्पीकरांच्या आवाजात काही डेसिबलचे फरक रुंद पट्ट्यांवर पसरलेले असू शकतात. खोलीमुळे बासमध्ये सर्वांत उंच शिखर आणि सर्वांत खोल खड्डा यांत २० डेसिबलचे अंतर पडणे मुळीच दुर्मीळ नाही. याउलट नीट बांधलेल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा प्रतिसाद ऐकू येणाऱ्या संपूर्ण पट्ट्यात अर्ध्या डेसिबलच्या आतच राहतो, आणि डिजिटल संकेताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या चांगल्या डॅकचा त्याहूनही सपाट असतो. म्हणून आधी स्पीकर आणि त्यांची जागा, मग पुरेशा ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यानंतर डॅक हा क्रम धरावा.

केबलचा प्रश्न एका गणिताने मिटतो. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ५ मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.११५ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी त्यामुळे होणारी घट ०.१२ डेसिबलच्या आसपास आहे. केबल पुरेशी जाड, टोके घट्ट आणि अधिक-उणे बरोबर जोडलेले असले की हा विषय संपला.

तिसरी पायरी : स्पीकरचे आलेख वाचणे

स्पीकरच्या बाबतीत मोजमापे सर्वांत उपयोगी ठरतात, कारण ती ऐकणाऱ्यांच्या पसंतीशी पडताळून पाहिलेली आहेत. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षे लोकांना स्पीकर न दाखवता ऐकवले आणि त्यांची पसंती प्रतिध्वनिरहित कक्षातल्या मोजमापांशी ताडून पाहिली. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचे भाकीत करणारे सूत्र मांडले आणि भाकीत व प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ आला. त्यांच्याच २००३ च्या एका अभ्यासात २६८ श्रोत्यांपैकी सराव असलेल्यांची आणि नसलेल्यांची पसंती सारख्याच क्रमाने लागली होती; सरावाच्या श्रोत्यांची उत्तरे अधिक सुसंगत होती, एवढाच फरक. ज्यांना ‘मला यातले काही कळत नाही’ असे वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे. नवख्या माणसाचे कानही चांगला स्पीकर ओळखतात.

या संशोधनातून जी मोजमाप-पद्धत रुळली तिला स्पिनोरामा म्हणतात. स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर, एकूण ७० ठिकाणी मोजणी करून त्यातून मोजके आलेख काढले जातात. नवख्याने त्यांतल्या तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे.

समोरून घेतलेल्या मोजणीची रेषा शक्य तितकी सपाट असावी. १०० हर्ट्झपासून १०,००० हर्ट्झपर्यंत ती अधिक-उणे २ डेसिबलच्या आत राहत असेल तर स्पीकर चांगल्या घडणीचा आहे. अरुंद खड्ड्यांची फार काळजी करू नये. रुंद फुगवटे मात्र तपासावेत, कारण एक-दोन डेसिबलचा पण रुंद फुगवटा प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आपला रंग लावतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजूला फेकला जाणारा आवाज. तुमच्या कानावर पडणाऱ्या आवाजाचा मोठा भाग भिंती, छत आणि फरशी यांवरून परतून आलेला असतो. ३०, ४०, ६० अंशांवरच्या रेषा समोरच्या रेषेसारख्याच आकाराच्या असाव्यात आणि वारंवारता वाढेल तशा हळूहळू खाली उतराव्यात. वूफरकडून (खालच्या स्वरांच्या भागाकडून) ट्वीटरकडे (वरच्या स्वरांच्या भागाकडे) काम जाते तिथे, बहुधा २,००० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान, बाजूच्या रेषांना अचानक कुबड आलेले दिसले तर तो स्पीकर मोकळ्या भिंतींच्या खोलीत कर्कश वाटण्याची शक्यता असते, मग समोरची रेषा कितीही सरळ असो.

तिसरी गोष्ट खालची मर्यादा. पत्रकावर ‘५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ एवढेच छापलेले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ५० हर्ट्झला आवाज किती डेसिबलने उतरला आहे हे सोबत सांगितलेले असावे. उणे ३ डेसिबलला ५० हर्ट्झ आणि उणे १० डेसिबलला ५० हर्ट्झ असे दोन स्पीकर ऐकायला अगदी वेगळे असतात. ऑलिव्ह यांच्या सूत्रात पसंतीचा सुमारे ३० टक्के वाटा एकट्या बासच्या खोलीचा आहे. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला आणि पियानोची पहिली पट्टी २७.५ हर्ट्झला वाजते. तुम्ही काय ऐकता हे यांच्याशी ताडून पाहिले की सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर) हवा की नको ते ठरवता येते. मुख्यतः गायन ऐकणाऱ्याला त्याची निकड सहसा नसते.

आलेख वाचताना त्याच्या उभ्या अक्षाकडे आधी पाहण्याची सवय लावून घ्यावी. तोच स्पीकर ५० डेसिबल उंचीच्या आलेखात डोंगराळ दिसतो आणि १२० डेसिबल उंचीच्या आलेखात तळ्यासारखा शांत. रेषा किती गुळगुळीत केली आहे हेही पाहावे. एक-तृतीयांश सप्तकाची सरासरी काढली की अरुंद अनुनाद त्यात बुडून जातात. एक-द्वादशांश किंवा त्याहून बारीक सरासरी असेल तर त्या आलेखावर मी अधिक विसंबतो.

चौथी पायरी : अ‍ॅम्प्लिफायर आणि डॅकचे आकडे

स्पीकरची संवेदनशीलता म्हणजे २.८३ व्होल्ट (८ ओहमच्या स्पीकरसाठी एक वॉट) दिल्यावर एक मीटरवर येणारी पातळी. समजा ती ८६ डेसिबल आहे आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या जागेत अंतरामुळे साडेनऊ डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर आणि खोलीतले परावर्तन मिळून त्यातले सुमारे ५ डेसिबल परत मिळतात. म्हणजे एका वॉटला बसण्याच्या जागी ८१ ते ८२ डेसिबल. १० वॉटला त्यात १० डेसिबलची भर पडते आणि १०० वॉटला २० डेसिबलची. यावरून दिसते की ५० वॉट आणि १०० वॉट यांच्यात फक्त ३ डेसिबलचा फरक आहे, आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. घरातल्या ऐकण्यासाठी वॉटच्या मागे धावण्यापेक्षा दोन-तीन डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर निवडणे किंवा खुर्ची थोडी पुढे घेणे अधिक सोपे असते. वॉट वाचताना मात्र ते किती विरूपणावर (मूळ आवाजात शिरणाऱ्या विकृतीवर) आणि किती ओहमवर मोजले आहेत ते पाहावे. १० टक्के विरूपणावर मोजलेली ताकद संगीत ऐकण्याच्या कामाची नाही.

स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेले असले तरी तो प्रत्येक वारंवारतेला ८ ओहम नसतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार किमान मूल्य छापील मूल्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ८ ओहमसाठी ६.४ ओहमखाली जाऊ नये. तरीही प्रत्यक्षात साडेतीन-चार ओहमपर्यंत उतरणारे ‘८ ओहम’चे स्पीकर आढळतात. अशा स्पीकरसाठी ४ ओहमचा भार सहज पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा.

‘ऊबदार’ अ‍ॅम्प्लिफायर ही केवळ कल्पना आहे, असे मी म्हणणार नाही. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरांचा स्वतःचा आतला रोध २ ओहमच्या घरात असतो. ज्याचा इम्पिडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा रोध) एका वारंवारतेला ४ ओहम आणि दुसऱ्या वारंवारतेला २० ओहम आहे असा स्पीकर त्याला जोडला, तर त्या दोन ठिकाणांच्या पातळीत पावणेतीन डेसिबलचा फरक पडतो. हा फरक कानाला कळतो, आलेखात दिसतो आणि काहींना तो आवडतोही. कानांनी सांगितलेली गोष्ट मोजमापाने समजावून दिल्याचे हे चांगले उदाहरण आहे. असा अ‍ॅम्प्लिफायर आवडला तर तो त्याच स्पीकरबरोबर ऐकून घ्यावा, कारण स्पीकर बदलला की ती ऊबही बदलते.

डॅकच्या बाबतीत नवख्यांची फसगत उलट दिशेने होते. गोंगाट आणि विरूपण मिळून संकेताच्या किती खाली आहेत हे सांगणाऱ्या आकड्याला सिनॅड म्हणतात, आणि लोक ११० आणि १२० डेसिबल सिनॅडच्या यंत्रांतून निवड करताना रात्री जागवतात. शांत खोलीतही पार्श्वभूमीचा गोंगाट साधारण ३० डेसिबल असतो. संगीतातला सर्वांत मोठा क्षण १०० डेसिबलचा धरला तरी मधली जागा ७० डेसिबलची उरते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीच्या १६ बिटांतही सुमारे ९६ डेसिबल मावतात. ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडच्या दोन आकड्यांतला मोठा आकडा निवडणे म्हणजे मोजमापांचा आदर करणे नव्हे. १०० डेसिबलच्या आसपास असलेले, हव्या त्या जोडण्या असलेले आणि वापरायला सोपे असलेले यंत्र घ्यावे.

पाचवी पायरी : नीट ऐकणे

आतापर्यंतच्या चाळणीतून दोन-तीन स्पीकरांच्या जोड्या उरल्या असतील. आता कानांचे काम सुरू होते, आणि ते घाईने उरकू नये.

आधी पातळी समान करावी. कान जास्त मोठ्या आवाजाला ‘मोठा’ म्हणत नाहीत, ‘चांगला’ म्हणतात. त्यातच कमी आवाजात खालचे स्वर कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले होते. म्हणून एखादा डेसिबल मोठा वाजणारा संच अधिक भरदारही वाटतो. अ‍ॅम्प्लिफायर किंवा डॅक यांची तुलना करताना काही शे हर्ट्झचा एकच सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजावेत आणि ते एक टक्क्याच्या आत जुळवावेत, २.०० आणि २.०२ व्होल्ट म्हणजे ०.१ डेसिबलहूनही कमी फरक. स्पीकरांची तुलना करताना बसण्याच्या जागी फोनवरचे ध्वनिमापक अ‍ॅप ठेवून पिंक नॉइज हा चाचणीचा आवाज वाजवावा आणि पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणावी. अशा अ‍ॅपचा आकडा अचूक नसला तरी दोहोंची तुलना करण्यापुरता तो पुरतो.

हाच पिंक नॉइज नंतर मिनिटभर कान देऊन ऐकावा. प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला हा आवाज दूरच्या पावसासारखा एकसंध यायला हवा. स्पीकरमध्ये एखादा अनुनाद असेल तर त्या पावसात ‘ओ’ किंवा ‘आ’ असा स्वर दडलेला ऐकू येतो, जणू कोणी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरली आहे. एकदा तो ओळखता आला की पुढे प्रत्येक गाण्यात तो सापडतो. संगीतावरून जे कळायला तासभर लागतो ते इथे काही क्षणांत कळते, पण नवखे श्रोते हा आवाज कंटाळवाणा म्हणून टाळतात, याची मला नेहमी खंत वाटते.

ध्वनिमुद्रणे अशी निवडावीत की जी तुम्हाला तोंडपाठ आहेत. दाखवण्यासाठी ठेवलेली चकचकीत ध्वनिमुद्रणे कोणत्याही संचावर चांगलीच वाटतात. मी स्वतः चार प्रकार घेतो : साथीशिवायचा किंवा अगदी कमी साथीचा मानवी आवाज, तानपुरा, डग्ग्याचे घुमणारे ठोके आणि गर्दीचे वाद्यवृंद. तानपुऱ्याच्या जवारीत एकाच तारेतून स्वरांचा अख्खा गुच्छ उमलत जातो. ज्या स्पीकरचा मधला आणि वरचा पट्टा एकसारखा नाही त्यावर त्या गुच्छातले काही स्वर पुढे येतात, काही मागे राहतात आणि तार पत्र्यावर घासल्यासारखी वाटते. डग्ग्याची मींड खाली उतरताना प्रत्येक टप्प्यावर सारखी मोठी आहे की एखाद्या सुरावर खोली अचानक गरजते, हे पाहावे. गर्दीच्या वाद्यवृंदात एका वाद्याच्या मागे राहता येते का ते पाहावे.

ऐकताना जे वाटेल ते लगेच लिहावे आणि शब्द शक्य तितके नेमके वापरावेत. ‘गोड’, ‘संगीतमय’ यांसारख्या शब्दांवरून पुढे काही शोधता येत नाही. गायक डब्यातून गातो असे वाटले तर २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात पाहावे. नाकातून गातो असे वाटले तर १,००० हर्ट्झच्या आसपास. तारसप्तकात कानाला टोचत असेल तर २,००० ते ४,००० हर्ट्झमध्ये. ‘स’ आणि ‘श’ फुत्कारत असतील तर ५,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये. ही सीमारेषा ढोबळ आहे, तरी आपली टिपणे आलेखाशेजारी ठेवली की बहुतेक वेळा बोट नेमक्या फुगवट्यावर जाते. असे दोन-तीनदा जुळले की आलेख पाहून आवाजाची कल्पना करता येऊ लागते, आणि हा सराव सहा महिने नुसते वाचण्यापेक्षा अधिक शिकवतो.

ऐकण्याची स्मृती फार थोडा वेळ टिकते. काल ऐकलेल्या स्पीकरची आज ऐकलेल्याशी तुलना करताना आपण आवाजाची नव्हे, आपल्याच मताची तुलना करत असतो. म्हणून २० ते ३० सेकंदांचा एकच तुकडा घ्यावा आणि दोन्ही यंत्रांवर लगोलग आलटून पालटून ऐकावा.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे : काय वाजते आहे हे दिसू नये. टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एका कंपनीतल्या ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. दिसू लागताच गुण बदलले. दिसायला भारदस्त स्पीकरांचे वाढले आणि लहान, साध्या दिसणाऱ्या संचाचे घटले. हे सारे श्रोते ध्वनीच्याच व्यवसायातले होते. घरी ही चाचणी करायला पातळ, आवाज आरपार जाणारा पडदा आणि एक मदतनीस पुरेसा असतो. मदतनीसाने नाणे उडवून क्रम ठरवावा, तो कागदावर लिहावा आणि ऐकणाऱ्याशी बोलू नये, कारण चेहऱ्यावरूनही उत्तर कळते. शक्य असेल तर दोन्ही स्पीकर एकाच जागी आळीपाळीने ठेवावेत. दोन जागांवर ठेवले तर खोलीच ऐकली जाते.

अ‍ॅम्प्लिफायर, डॅक किंवा दोन ध्वनिफाइलींच्या गुणवत्तेत फरक वाटत असेल तर एबीएक्स चाचणी घ्यावी. यात अ आणि ब माहीत असतात आणि क्ष त्यांपैकी कोणता ते ओळखायचे असते. १६ प्रयत्नांत १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता निव्वळ अंदाजाने सुमारे ३.८ टक्के असते. म्हणून १२ आले तर फरक ऐकू आला असे समजायला हरकत नाही. ९ किंवा १० आले तर तो फरक असलाच तरी इतका सूक्ष्म आहे की त्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण उरत नाही. ध्वनिफाइलींसाठी ही सोय फूबार२००० या संगणकीय प्रणालीच्या जोडभागात मोफत मिळते.

हेडफोनसाठी एक वेगळी सूचना. त्यांची मोजणी कृत्रिम कानावर होते आणि ८ ते १० हजार हर्ट्झच्या वर प्रत्येकाच्या कानाच्या घडणीप्रमाणे प्रतिसाद बदलतो, त्यामुळे वरच्या टोकाच्या शिखरांवरून निर्णय घेऊ नये. बंद हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसली नाही, अगदी चष्म्याची काडी मध्ये आली, तरी बास गळून जातो. हेडफोन स्वतःच्या डोक्यावर, स्वतःच्या चष्म्यासह आणि किमान अर्धा तास घालूनच पाहावा. वजन आणि दाब कोणत्याही आलेखात दिसत नाहीत.

सहावी पायरी : घरी आणल्यावर मोजणे

परत करण्याची मुभा असेल अशाच अटीवर स्पीकर घरी आणावेत. दुरुस्ती-फाइलसह (मायक्रोफोनची स्वतःची चूक भरून काढणाऱ्या फाइलसह) येणारा मोजमापाचा मायक्रोफोन आणि रूम इक्यू विझार्ड ही मोफत प्रणाली मिळाली की घरातली मोजणी कोणालाही करता येते. मायक्रोफोन डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून खालून वर सरकणारा सूर वाजवावा. मग मायक्रोफोन २०-२५ सेंटिमीटर डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवून चार-पाच मोजण्या घ्याव्यात आणि त्यांची सरासरी पाहावी.

सुमारे ३०० हर्ट्झच्या खाली जे डोंगर-दऱ्या दिसतील ते मुख्यतः खोलीचे असतात. आधी खुर्ची आणि स्पीकर सरकवून पाहावेत. माझ्या खोलीत खुर्ची मागच्या भिंतीपासून फक्त ४० सेंटिमीटर पुढे आणल्यावर ३४ हर्ट्झजवळचा फुगवटा इतका उतरला की तबल्याचे ठोके सुटे सुटे कळू लागले. उरलेली शिखरे इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणता येतात. खड्डे मात्र इक्वलायझरने भरू नयेत, कारण ६ डेसिबल वाढवायला चौपट ताकद लागते आणि दोन लहरी एकमेकींना खोडत असतील तिथे कितीही ताकद ओतली तरी खड्डा तसाच राहतो. ३०० हर्ट्झच्या वर खोलीत घेतलेली रेषा पाहून दुरुस्ती करण्याचा मोह टाळावा. तिथे मायक्रोफोन सगळ्या परावर्तनांची बेरीज दाखवतो, कान मात्र थेट आलेला आवाज आणि परतून आलेला आवाज यांत भेद करतो. त्या पट्ट्यासाठी तिसऱ्या पायरीतले कक्षातले आलेखच अधिक भरवशाचे आहेत. खोलीतली रेषा डावीकडून उजवीकडे हलकी उतरत जाणे स्वाभाविक असून ती सपाट करायला गेल्यास आवाज टोकदार होतो.

सातवी पायरी : पंधरा दिवस सोबत राहणे

आलटून पालटून ऐकण्यात फरक सापडतात, पण तासभर ऐकल्यावर थकवा येतो का, हे त्यातून कळत नाही. म्हणून परत करण्याची मुदत संपेपर्यंत नेहमीसारखे ऐकावे, रात्री हळू आवाजातही आणि बातम्या-भाषणांसाठीही. आवाज पुन्हा पुन्हा कमी करावासा वाटणे ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. तसे झाले तर आलेखात २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि बाजूच्या रेषांवर पुन्हा नजर टाकावी, स्पीकर कानाच्या दिशेने वळवलेले असतील तर थोडे बाहेर वळवावेत, समोरची उघडी फरशी सतरंजीने झाकावी, आणि तरीही थकवा राहिला तर संच परत करावा, मग त्याचे आकडे कितीही चांगले असोत.

या पंधरा दिवसांत स्पीकर आणि खुर्ची जिथे सर्वांत चांगली वाटली तिथे फरशीवर चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून ठेवावेत आणि भिंतींपासूनची अंतरे पहिल्या पायरीतल्या त्याच कागदावर लिहावीत. घर झाडताना स्पीकर हलतातच.